कार्डाची मागली बाजू

नागसेन मधाळे माझ्या छापखान्यात पहिल्यांदा आला तो बोलणी खायला. नव्याण्णव साल. लग्नसराई तोंडावर आलेली, पत्रिकांचं काम अंगावर पडलेलं आणि आमचा एकुलता एक कॉम्प्युटर सकाळपासून मान टाकून बसलेला. दुरुस्तीच्या दुकानाला फोन करून करून माझा घसा बसला, तेव्हा कुठे दुपार कलल्यावर हा उगवला. सडपातळ अंगाचा, कडक इस्त्रीचा शर्ट आणि खिशाला पेनाऐवजी स्क्रू-ड्रायव्हर. मी त्याला दारातच फैलावर घेतलं. त्याने सगळं ऐकून घेतलं, कॉम्प्युटरचा डबा उघडला, आतली धूळ पाहिली आणि म्हणाला, "ताई, ओरडून झालं असेल तर एखादा जुना टूथब्रश मिळेल का?"

अर्ध्या तासात कॉम्प्युटर सुरू झाला. मी चहा मागवला. माझा राग जसा येतो तसा जातो, पण हे त्याला त्या दिवशी कुठून ठाऊक असणार? तो बिचारा चहा पितानाही दाराकडेच बघत होता.

मी पूर्णिमा. वडिलांनी कोल्हापुरात, लक्ष्मीपुरीत छापखाना काढला आणि त्यांच्यामागे मी तो चालवला. लग्नपत्रिका वर्षातून चार महिने, बाकी आठ महिने आमची भाकरी व्हिजिटिंग कार्डावर. कोल्हापूरचं व्हिजिटिंग कार्ड म्हणजे काय चीज आहे ते छापणाऱ्यालाच कळतं. एवढ्याशा पुठ्ठ्यात माणसाला अख्खा जन्म बसवायचा असतो. वर कुलदैवत, डाव्या कोपऱ्यात स्वतःचा फोटो, मध्ये नाव, नावाखाली दूध संस्थेचं संचालकपद, तालमीचं खजिनदारपद, गणेश मंडळाचं आधारस्तंभपद, आणि मग जागा उरलीच तर धंदा. एकाच्या कार्डात मी धंदा छापायचा विसरले होते, तर त्याच्या लक्षातसुद्धा आलं नाही.

पण एक गोष्ट कुणीही विसरत नसे. "बाई, मागली बाजू कोरी ठेवा. लिवाय लागत्या."

ती मागली बाजू म्हणजे आमच्याकडचा खरा कारभार. कुणाला नोकरी हवी, कुणाला कारखान्यातलं काम हवं, की तो आधी ओळखीच्या मोठ्या माणसाकडे जाणार. मोठा माणूस खिशातून आपलं कार्ड काढणार, उलटं करणार आणि लिहिणार, ‘पाहुणे आपले आहेत. काम करावे.’ खाली सही. ते कार्ड घेऊन हा दुसऱ्या मोठ्या माणसाच्या दारात. तो साहेब कार्ड हातात घेतो तेच उलटं. पुढच्या बाजूला मी सोनेरी अक्षरं टाकू दे नाहीतर हिरे जडवू दे, तिकडे ढुंकून कोण बघतो!

नागसेन येत राहिला. पेठ वडगावहून रोज एसटीने यायचा, दिवसभर दुकानाची कामं करायचा आणि शेवटच्या गाडीआधी तासभर माझ्याकडे टेकायचा. पुढे मोबाईल आले तसं त्याने दुकानाची नोकरी सोडली आणि स्टँडजवळ मोबाईल दुरुस्तीचं खोकं टाकलं. बोलायचा अगदी पुस्तकातल्यासारखं. चिडला की मात्र वडगाव बाहेर यायचं. माझ्या छापखान्यात बसलेलं एखादं गिऱ्हाईक सवयीने त्याला विचारायचं, "पावणं, कुठलं?"

"वडगावचा."

"वडगावात कुणाचं?"

"मधाळ्यांचा. बौद्धवाड्यातला." हे तो इतक्या खणखणीत आवाजात सांगायचा की विचारणाराच खाली बघून आपलं प्रूफ तपासायला लागायचा. मला ते फार आवडायचं. एकदा तर मी एका आगाऊ गिऱ्हाइकाला मुद्दाम त्याच्या शेजारी बसवलं होतं.

घरी तो आणि आई, आक्काताई. वडील लवकर गेले. आक्काताईंनी दुसऱ्यांच्या रानातलं तण भांगलून, वडगावच्या बाजारात भाजी विकून याला इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करायला लावला होता.

दोन हजार सात साली एका संध्याकाळी नागसेन दोन मोबाईल घेऊन आला आणि माझ्यासमोर टेबलावर ठेवले. चेहरा असा, की याचं लग्न ठरलं असावं असं मला वाटलं.

"ताई, हा फोन तुम्ही धरा."

त्याने आपल्या फोनवर काही बटणं दाबली. माझ्या हातातला फोन थरथरला आणि काचेवर एक कार्ड उमटलं. चक्क माझं कार्ड. नाव, छापखाना, पत्ता, नंबर. खालचं बटण दाबलं तर मी छापलेल्या पत्रिकेचा फोटो, अजून दाबलं तर दुसऱ्या पत्रिकेचा. आता याला ॲप म्हणतात आणि शेंबडं पोरसुद्धा ते वापरतं. तेव्हा आम्ही ‘प्रोग्रॅम’ म्हणायचो, आणि कोल्हापुरात असलं काही मी तरी पाहिलं नव्हतं. तो दोन वर्षं जाडजूड इंग्रजी पुस्तकं वाचून, क्लासला जाऊन हे करत होता आणि या कानाचं त्या कानाला कळू दिलं नव्हतं.

"समोरासमोर दोन माणसं भेटली की ब्लूटूथने झालं काम," तो म्हणाला. "कागद नाही, छपाई नाही. संपत नाही, भिजत नाही. आणि मुख्य म्हणजे ताई, यात हुद्दा टाकायला जागाच ठेवली नाही. माणूस काय काम करतो त्याचे फोटो. गेट करणाऱ्याने गेट दाखवावं, साचे करणाऱ्याने साचा."

"आणि मी काय करावं? शेंगा विकाव्यात?"

तो एकदम ओशाळला. माझ्या पोटावर पाय येतोय हे त्या शहाण्याच्या डोक्यातच आलं नव्हतं! मी मोठ्याने हसले, म्हणून त्याच्या जिवात जीव आला. खरं सांगते, मला थोडी धडकी भरली होती. पण दोन वर्षं खपून केलेली वस्तू माणूस पहिल्यांदा आपल्यासमोर ठेवतो, तेव्हा आपल्या धडकीचं कौतुक बाजूला ठेवावं एवढी अक्कल मला होती.

पहिलं गिऱ्हाईक मीच मिळवून दिलं. केरबा म्हणून उद्यमनगरात एक फॅब्रिकेशनवाला होता. गेट, जिने, शेड असली कामं करायचा. आवाज असा की तो फोनवर बोलतोय की फोनशिवायच, कळू नये. त्याला कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत शिरायचं होतं. तिथे नवे कारखाने येत होते, शेडांची कामं निघत होती. नागसेनने त्याच्या फोनमध्ये प्रोग्रॅम घातला, त्याच्या गेटांचे फोटो घातले. केरबा खूश होऊन गेला आणि आठवड्याने तणतणत परत आला. नागसेन माझ्याकडेच बसला होता.

"पावणं, तुमच्या ह्या कार्डाला मागली बाजू कुठं हाय?"

"म्हणजे?"

"म्हंजे काय म्हंजे! गेलतो कागलला. सायबाला कार्ड पाठवलं. सायेब म्हणला, झकास हाय, गेट बी झकास हाय. आनि मग म्हणतोय, कुणी पाठवलंय तुम्हाला? आता काय दावू त्याला? फोन उलटा करून बॅटरी दावू व्हय?"

मला हसू आवरेना. नागसेन मात्र हसला नाही. "मागली बाजू नाही," तो म्हणाला. "मुद्दामच ठेवलेली नाही."

"मग काय उपेग? बाई, मला आपली शंभर कार्डं छापून द्या. मागं कोरी." केरबा ऑर्डर देऊन गेला.

केरबानंतर आणखी काहीजण आले आणि सगळ्यांचं रडगाणं तेच. मी नागसेनला म्हटलं, "अरे बाबा, घाल की एक मागली बाजू. लोकांना जे पाहिजे ते द्यायचं. मी काय कुलदैवतं आवडीने छापते होय?"

तेव्हा तो चिडला, आणि चिडला म्हणून बोलला. नाहीतर ही गोष्ट त्याने मला कधी सांगितली नसती.

सत्त्याण्णव साली डिप्लोमा हातात पडला तेव्हा आक्काताई त्याला घेऊन गावातल्या आण्णांकडे गेल्या. आण्णा दूध संस्थेचे चेअरमन, शब्दाला वजन असलेला माणूस. त्यांनी या दोघांना बसवून घेतलं, चहा दिला, पोराच्या पाठीवर हात फिरवला आणि आपल्या कार्डाच्या मागे एका कारखान्याच्या मॅनेजरला चार ओळी लिहून दिल्या. नागसेनने त्या एसटीत वाचल्या.

"काय लिवलं होतं ठावं हाय?" वडगाव बाहेर आलं होतं. "मुलगा आमच्या गावचा. बौद्धवाड्यातला. घरची गरिबी आहे. जमेल ते काम द्यावे. बास! माझ्या पिशवीत डिप्लोमाचं सर्टिफिकेट हुतं, ताई. फर्स्ट क्लास. मॅनेजरनं ते मागितलं बी न्हाय. कार्ड उलटं करून वाचलं आनि मला गोडाऊनला पाठवलं, पोती उतरायला. जमंल ते काम. आनि आई आण्णाला भाजीची पाटी देऊन आली, आभार म्हणून."

आण्णांचा राग आला, आणि राग धरायचा तरी कसा, कारण त्या माणसाच्या मनात वाईट काहीच नव्हतं. त्यांनी पोराचं भलंच चिंतलं होतं. फक्त पोराला काय येतं हे लिहावं असं त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. वाईट माणसाशी भांडता तरी येतं.

"म्हणून मागली बाजू न्हाय," नागसेन म्हणाला. "माणूस कुणाचा हाय ते मागं असतंय. त्याला काय येतंय ते म्होरं. माझ्या कार्डाला म्होरलीच बाजू."

हे सगळं खरं होतं आणि या खऱ्याने कुणाचं पोट भरत नव्हतं. मी तेही बोलून दाखवलं. तो उठून गेला आणि बरेच दिवस फिरकला नाही.

त्यातच पुण्याचं आलं. मोबाईलसाठी प्रोग्रॅम लिहिणाऱ्या एका कंपनीने त्याचं काम पाहिलं आणि नोकरी देऊ केली. पगार चांगला. कुणीही आनंदाने नाचलं असतं. पण आक्काताई वडगाव सोडायला तयार नव्हत्या. "पुण्यात माझं कोण हाय? दार लावून बसू व्हय दिवसभर?" एवढंच त्यांचं म्हणणं. त्यांना एकटं टाकून जायचं म्हटलं की नागसेनचं जेवण बंद व्हायचं. मोबाईल दुरुस्तीच्या खोक्यावर जन्म काढायचा म्हटलं की झोप बंद. इथेच राहून या प्रोग्रॅमचा धंदा उभा राहिला तरच दोन्ही सुटणार होतं.

उभा राहायची एकच वाट दिसत होती. कागल एमआयडीसीतल्या कारखानदारांची एक संघटना होती. तिच्या वार्षिक मेळाव्याच्या निमंत्रणपत्रिका मी छापत असे. संघटनेचे अध्यक्ष विश्वजितदादा. दिलदार गडी. जिल्ह्यातल्या निम्म्या पोरांना त्यांच्या कार्डाच्या मागल्या बाजूने नोकरी लावली असेल. खिशाला जाड निबाचं पेन, आणि कुणी दारात आलं की ते आपोआप बाहेर निघायचं. मी त्यांच्या कानावर नागसेनचा प्रोग्रॅम घातला. त्यांनी तो पाहिला, मान डोलावली आणि म्हणाले, "पूर्णिमाबाई, पोराचं डोकं चांगलं हाय. मेळाव्यात दावू दे सगळ्यांना. पसंत पडलं तर आमचे सगळे सभासद घेतील, त्यांचे पुरवठादार बी घेतील. पण माझं पेन कुठं चालवायचं, तेवढं इचारा त्याला."

मी स्टँडजवळच्या खोक्यावर जाऊन नागसेनला हे जसंच्या तसं सांगितलं, तर तो नुसतं ‘बघतो’ म्हणाला. मेळावा शनिवारी आणि पुण्याला हजर व्हायचं सोमवारी. संघटनेने घेतलं तर पुणं रद्द, नाहीतर रविवारी रात्रीची गाडी. आक्काताईंनी बॅगेत चटणीचा डबासुद्धा भरून ठेवला होता.

शनिवारी सकाळी कागलच्या गाडीत नागसेन माझ्या शेजारी बसला आणि म्हणाला, "ताई, मागली बाजू घातलीय."

"सुटलास बाबा!"

"पण माझ्या पद्धतीने घातलीय." पुढे तो काही बोलेना. मला तेव्हाच धोका दिसायला हवा होता.

हॉल भरला होता. कारखानदार पुढच्या रांगांत, त्यांना माल पुरवणारे छोटे वर्कशॉपवाले मागे. मागच्यांत केरबाही होता आणि त्याचा आवाज पुढपर्यंत येत होता. नागसेनने चांगलं दाखवलं. आदल्या आठवड्यात त्याने बऱ्याच जणांच्या फोनमध्ये प्रोग्रॅम घालून दिला होता. त्यामुळे हॉलमध्ये इकडून तिकडे कार्डं जायला लागली, फोन थरथरायला लागले, मोठमोठी माणसं पोरांसारखी एकमेकांना गेट आणि गिअर दाखवत बसली. दादा मंचावर बसून कौतुकाने बघत होते.

"आनि मागली बाजू?" त्यांनी विचारलं.

"घातलीय, दादा. ज्याची शिफारस करायची त्याचं कार्ड उघडायचं, हे बटण दाबायचं, लिहायचं आणि पुढे पाठवायचं. खाली आपोआप तुमचं नाव जातं."

दादांनी खूश होऊन बटण दाबलं. पण लिहायची जागा यायच्या आधी तिथे एक प्रश्न आला. त्या फोनांवर मराठी अक्षरं धड दिसत नसत, म्हणून इंग्रजी अक्षरांत लिहिलेला मराठी प्रश्न. दादांनी फोन लांब धरून तो मोठ्याने वाचला. "यांनी तुमचं कुठलं काम केलंय?"

"हे काय इचारतंय?"

"त्याचं उत्तर लिहायचं, दादा. तेवढंच लिहायचं."

"आनि ज्यानं माझं काय कामच केलेलं न्हाय, पण पोरगं आपलं हाय, त्याच्यासाठी लिवायचं आसंल तर?"

नागसेनने क्षणभर खाली बघितलं. "तर लिवायचं न्हाय, दादा."

हॉलमधला गलका थांबला. मी कपाळाला हात लावला. पुणं मला समोर दिसायला लागलं.

"म्हंजे आजवर मी खोटं लिवत आलोय, आसं म्हणायचं हाय तुला?" दादांचा आवाज चढला नव्हता, पण हसू गेलं होतं.

"न्हाय दादा. तुम्ही चांगल्या मनानंच लिवता. माझ्यासाठी बी एकानं चांगल्या मनानंच लिवलं होतं. त्यात मी कुणाचा ते हुतं. मला काय येतंय ते नव्हतं. मी पोती उतरली."

दादांनी त्याच्याकडे बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "बरं. तुझं कार्ड पाठीव मला. तुझ्या मागं काय लिवलंय बघू दे."

कार्ड गेलं. दादांनी बटण दाबलं. मागली बाजू कोरी होती.

पुढच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. "दुसऱ्याला शिकवतंय आनि सवताच्या मागं कोणच न्हाय!"

नागसेन कानापर्यंत लाल झाला. मला नागसेनचाच असा संताप आला! आठ-नऊ वर्षं अख्ख्या कोल्हापूरचे फोन आणि कॉम्प्युटर याने दुरुस्त केले, आणि एकालाही ‘माझ्याबद्दल दोन शब्द लिहा’ म्हणायला याचं तोंड उघडलं नव्हतं. कुणाकडे काही मागायचंच नाही म्हटल्यावर हे असं होतं. एवढा ताठा बरा नव्हे. आणि मला विचारायला काय झालं होतं? मी काय मेले होते?

माझ्या फोनमध्ये त्याचं कार्ड होतं, आणि गाडीतच त्याने नवा प्रोग्रॅमही घालून दिला होता. मी ते उघडलं आणि मागल्या बाजूचं बटण दाबलं. प्रश्न समोर आला, यांनी तुमचं कुठलं काम केलंय? धूळ झाडली, कॉम्प्युटर जगवला, लग्नसराईत जीव वाचवला, सगळं एकदम आठवलं आणि त्या इवल्याशा जागेत काही मावेना. माझा अंगठा आधीच जाड आणि एकेका अक्षराला तीनतीनदा बटण दाबायचं. मंचावर दादा फोन खाली ठेवायला लागले होते. मग जे सुचलं ते मी लिहिलं आणि पाठवून दिलं.

दादांचा फोन थरथरला. त्यांनी तो परत उचलला, चष्मा वर केला आणि अडखळत मोठ्याने वाचलं.

"यांनी तुमचं कुठलं काम केलंय? माझा... छापखाना... बुडवायचं. काम एकदम चोख. डोळे झाकून द्या. पूर्णिमा, लक्ष्मीपुरी."

मागच्या रांगांतून केरबाचा हसू फुटलेला आवाज आला आणि त्याच्यामागून सगळा हॉल. दादा पोट धरून हसत होते, डोळ्यांतलं पाणी पुसत होते आणि परत वाचत होते. पाठोपाठ त्यांच्या फोनवर आणखी कार्डं आदळायला लागली. ज्यांचे फोन नागसेनने दुरुस्त केले होते ते मागून लिहीत होते, आणि केरबा तर काय लिहितोय ते ओरडूनच सांगत होता.

"बाई," दादा मंचावरून म्हणाले, "छापखाना बुडाल्यावर तुम्ही खानार काय?"

"पत्रिका हायत की दादा अजून. लोकं फोनवर लग्न करायला लागली की बघू."

परत हशा. दादांनी आपला फोन नागसेनच्या हातात दिला. "आमच्या सगळ्या सभासदांच्यात घाल हे. प्रश्नासकट घाल. आता माझ्या मागं कोण काय लिवतंय ते बघूच. पण पेन मी ठेवणार, सांगून ठेवतो."

मेळावा संपल्यावर मी बाहेर आले तर नागसेन पार्किंगच्या कडेला पाठमोरा उभा होता. जवळ गेले तेव्हा कळलं की तो रडून मोकळा झाला होता आणि आता रुमालाने तोंड पुसत होता. मला पाहून काहीतरी पुस्तकी आभाराचं बोलायला लागला. मी म्हटलं, "आभार राहू देत, आधी आईला फोन लाव."

वडगावात त्यांच्या घराशेजारच्या किराणा दुकानात फोन होता, तिथे आक्काताईंना बोलावून घेतलं. त्यांचा आवाज असा की मला उभ्या जागी सगळं ऐकू येत होतं.

"आई, पुण्याला जात न्हाय. इथलं जमलं."

"जमलं? खरंच? वशिला कुणाचा लागला रं?"

नागसेनने माझ्याकडे बघितलं. "ज्या बाईचा धंदा बुडवला, तिचाच लागला."

"पूर्णिमाबाईंचा? अरं मग त्यांस्नी घरला जेवाय आण की उद्या." आणि मग आवाज जरा खाली आला. "येतील का, ते आदी इचार."

नागसेनने फोनवर हात ठेवला. एवढ्या वर्षांत त्याने मला घरी कधी बोलावलं नव्हतं. का, तेही मला ठाऊक होतं. गोडाऊनमध्ये असताना त्याने बुद्धजयंतीला बरोबरच्या माणसांना खिरीला बोलावलं होतं. आली सगळी, ओट्यावर बसली, गप्पा मारल्या आणि नेमका प्रत्येकाचा त्या दिवशी उपवास निघाला. आक्काताईंनी भरलेल्या वाट्या परत आत नेल्या. त्या दिवसापासून त्याने कुणाला बोलावणं सोडून दिलं. दादांना भर सभेत ‘लिवायचं न्हाय’ म्हणून सांगणारा हा गडी, आणि आता माझ्याकडे बघायचं टाळून आपल्या पायांकडे बघत होता.

"ताई," तो म्हणाला, "आई विचारतेय, याल का?"

मला भरून आलं. आणि भरून आलं की मी ओरडते, त्याला माझा इलाज नाही.

"येतील का ते काय इचारतोस, येड्या? जेवाय काय करणार हायत, ते इचार!"